वाचकांचे प्रश्न : बोलवायचं तर नावानिशी बोलवा

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयावरचे निघाले. आपल्या नाशिकमध्ये इतक्या तऱ्हेची माणसं राहतात, पेठ-सुरगाण्याची, खानदेशातली, मालेगावची, शरणपूरची, देवळालीची, यूपी-बिहारहून सातपूर-अंबडला आलेली, पण पोस्टरवर आणि स्टेजवर मात्र दरवेळी तीच चार नावं, मग बाकीच्यांनी जायचं कुठे? म्हणून या अंकाचं पूर्ण पान याच पत्रांना दिलंय. जागेअभावी काही पत्रं थोडी आखडून घेतलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, आमची सोसायटी पाथर्डी फाट्याला आहे. दरवर्षी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा ठेवतो, त्याचा आता सगळ्यांना कंटाळा आलाय. यंदा आदिवासी नृत्य ठेवू असं ठरलं. कमिटीत कल्चरलचं मी बघते, पण कुणाला बोलवायचं, किती पैसे द्यायचे, काही म्हणजे काही माहीत नाही. एक इव्हेंटवाला म्हणतोय की कॉलेजची मुलं आदिवासी ड्रेस घालून आणतो, स्वस्तात होईल. काय करू?
— पाथर्डी फाट्यावरची एक वाचक

उत्तर : आधी त्या इव्हेंटवाल्याला नको म्हणून कळवा. कॉलेजच्या मुलांनी हौसेने नाचावं, माझी काही हरकत नाही, पण ज्यांचा हा नाच आहे ती माणसं आपल्यापासून दीड-दोन तासांवर राहतात, पेठ ५०-५५ किलोमीटर, हरसूल साधारण तेवढंच, सुरगाणा जरा लांब, आणि त्यांच्यातली कितीतरी जणं तर कामासाठी आपल्याच भागात येऊन राहिलेली असतात. दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या छाटणीला आणि खुडणीला येणारी, आपल्या बिल्डिंगच्या स्लॅबवर घमेली वाहणारी माणसं याच गावांतली आहेत, आणि त्यांच्यातच कुणी तारपा वाजवतं, कुणी पावरी वाजवतं, कुणाच्या घरात बोहाड्यातल्या, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातल्या, एखाद्या देवाच्या सोंगाचा मान पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. ते आपल्याला ठाऊक नसतं कारण आपण कधी विचारलेलंच नसतं. त्यांना बाजूला ठेवून त्यांचे फक्त कपडे भाड्याने आणायचे हे मला अजिबात पटत नाही.

पथक शोधायला फार कष्ट नाहीत. त्या भागातल्या आश्रमशाळेच्या एखाद्या शिक्षकाला फोन करा, ग्रामपंचायतीत विचारा, किंवा नाशिकमध्येच आदिवासी मुलामुलींची होस्टेलं आहेत तिथल्या पोरांना विचारा की तुमच्या गावात कोण वाजवतं, ती पोरं दहा नावं सांगतील. मग मध्ये कुणी एजंट न घेता थेट पथकातल्या मोठ्या माणसाशी बोला, आणि जमलं तर कमिटीतले दोघं-तिघं एकदा गावी जाऊन या, फोनवर जे कळत नाही ते तिथे अंगणात बसून चहा घेताना कळतं.

तारीख तुमच्या सोयीने पक्की करून मग त्यांना कळवायची असं करू नका. पावसाळ्यात आवणी म्हणजे भाताची लावणी असते, दिवाळीच्या आसपास भाताची कापणी, त्यानंतर निम्मं गाव कामाला बाहेर पडलेलं, आणि चैत्र-वैशाखात लग्नं आणि बोहाडे. त्यांना विचारून दिवस ठरवा, तुमची सोसायटी आठ दिवस मागेपुढे सरकू शकते.

आता जागेचं. स्टेज लागणार नाही, पार्किंगची मोकळी जागा द्या. तारप्याचा नाच गोलात चालतो, तारपा वाजवणारा माणूस मध्ये असतो, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती सरकत राहतात आणि तारप्याकडे कुणी पाठ करत नाही, तो वळला की अख्खी ओळ वळते. आता हे तुम्ही पंधरा बाय वीसच्या स्टेजवर एका ओळीत लोकांकडे तोंड करून उभं केलंत तर त्यातलं काय उरलं सांगा. लोकांना खुर्च्यांवरून उठवून चारही बाजूंनी बसवा. तारपा वाळलेल्या भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडाच्या पानांच्या कर्ण्याचा असतो, सगळे जोड मेणाने बसवलेले, त्यातून एकसलग जो सूर निघतो तो भल्यामोठ्या स्पीकरवर फाटतो, म्हणून साउंडवाल्याला सांगा एकच माईक आणि तोही जरा लांब.

वेळ किमान एक तास द्या. आणि एक विनंती, अगदी हात जोडून, पाहुणे गाडीतून उतरताना गेटवर स्वागताला म्हणून या लोकांना नाचत उभं करू नका. नाशिकमध्ये कितीतरी उद्घाटनांना हे मी बघते, पाहुण्यांना उशीर होतो, पथक उन्हात ताटकळत उभं, मग गाडी आली की तीन मिनिटं नाच, फोटो, आणि त्यानंतर त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. ती माणसं कलावंत आहेत, कार्यक्रम त्यांचा आहे, पाहुण्यांनी येऊन समोर बसावं.

पैशांचं म्हणाल तर ऑर्केस्ट्राला किती देत होतात ते आठवा, तिथून बोलणी सुरू करा. जीपचं भाडं वेगळं, जेवण वेगळं, आणि त्या दिवशी ज्यांची मजुरी बुडणार ती धरून मानधन. रक्कम आधी ठरवा, त्याच रात्री हातात द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यात चेक घ्यायला या म्हणून सांगणारे खूप असतात आणि त्या येण्याजाण्यात माणसाचा एक दिवस आणि बसचं भाडं जातं.

पथकातल्या प्रत्येकाचं नाव आणि गाव लिहून घ्या, माईकवर वाचा, पत्रिकेत छापा. नुसतं ‘आदिवासी नृत्य पथक’ असं छापू नका, ऑर्केस्ट्राच्या गायिकेचं नाव छापत होतात ना मग इथे का नाही? आणि कार्यक्रम झाल्यावर सोसायटीच्या लेटरहेडवर तारखेसकट एक पत्र द्या, ते का द्यायचं ते खाली एका उत्तरात सांगितलंय.

आणखी एक. सगळंच मागायचं नसतं. डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात असतो, त्यातले लोक व्रत धरतात, त्यांना माउली म्हणतात, डोंगरावर रात्र काढतात, ते नाचणं-गाणं त्या देवासाठी आहे. कुणी म्हणालं की हे आम्ही इथे करणार नाही तर आग्रह धरू नका, काय दाखवायचं हे त्यांनी ठरवायचं.

प्रश्न : मी भिंतीवर पेंटिंगची कामं घेतो. २०२७ च्या सिंहस्थामुळे सध्या भिंती रंगवायची भरपूर कामं निघतायत, कॅफे आणि होमस्टेवालेही वारली मागतात. मी वारली समाजातला नाही. स्टेन्सिल वापरून पटकन होतं. पण एका मित्राने सुनावलं की तू त्यांचं चोरतोयस. चोरी आहे का ही?
— गंगापूर रोडचा एक चित्रकार

उत्तर : तुम्हाला हा प्रश्न पडला हेच मला फार बरं वाटलं, कारण भिंती रंगवणाऱ्या बहुतेकांना तो पडतच नाही.

आधी हे चित्र काय आहे ते बघू. वारल्यांच्या घरात लग्न असलं की सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, खाली गेरू किंवा शेणामातीचा सारवलेला रंग आणि वर फक्त पांढरा, ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. त्या चौकात मधोमध पालघट देवी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, ती गाणी म्हणून लग्न लावणार, आणि हा चौक लिहिल्याशिवाय लग्न होत नसे. म्हणजे मुळात हे बायकांचं काम, आणि त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही. कागदावर आणि जगभर ही चित्रं पोचली ती १९७० नंतर, त्यात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचं नाव सगळ्यात मोठं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय, म्हणजे ही कला कुठली आणि कुणाची याची सरकारदरबारी नोंद झालीय.

आता तुमच्या कामाचं. हात बसावा म्हणून काढणं, शिकणं, याला चोरी म्हणणार नाही मी. पण कॅफेवाल्याकडून वारली म्हणून पैसे घ्यायचे, स्टेन्सिल मारायचं आणि ज्यांची कला आहे त्यांच्यापर्यंत त्यातला एक रुपयाही पोचणार नाही, तर तुमच्या मित्राचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. मग करा काय, तर काम मोठं असेल तर वारली चित्रकाराला सोबत घ्या, त्र्यंबक-पेठकडे आणि तिथून पुढे जव्हार-मोखाड्याला चांगले हात आहेत, डिझाइन त्याचं, मचाण आणि रंग आणि क्लायंटशी बोलणं तुमचं, आणि पैसे कसे वाटायचे ते काम सुरू व्हायच्या आधी. भिंतीच्या कोपऱ्यात सही त्याची आणि तुमची दोघांची, गावासकट. क्लायंट कुरकुरला तर सांगा की सही असली की भिंतीची किंमत वाढते, आणि ते खरंही आहे.

देवचौक आणि पालघट देवी मात्र हॉटेलच्या भिंतीवर काढू नका, बाथरूमच्या बाहेर तर नकोच नको, हे मी मुद्दाम लिहितेय कारण नाशिकमध्ये हे बघितलंय. शेती, नाच, झाडं, पाखरं, मुंग्यांची वारुळं, काढायला कितीतरी आहे. आणि स्टेन्सिल सोडा हो, त्या चित्रातल्या माणसाच्या दोन त्रिकोणांचा तोल प्रत्येक वेळी थोडा वेगळा असतो म्हणून तर तो नाचतोय असं वाटतं, स्टेन्सिलमध्ये सगळे कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसतात.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातली, नाशिकला होस्टेलवर राहून शिकते. आमच्या घरी कोकणा ही आमची आदिवासी बोली बोलतात. माझ्या आजोबांना थाळीवरच्या कथा येतात, रात्रभर सांगतात. कॉलेजच्या गॅदरिंगला मी त्यातलं थोडं म्हणायचं ठरवलं तर मैत्रिणी हसल्या, म्हणाल्या हे काय कळणार कुणाला. आता आजोबा थकलेत. त्यांचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकावं असं वाटतं. टाकू का?
— होस्टेलवरची एक मुलगी

उत्तर : रेकॉर्ड कर, येत्या सुट्टीतच कर, परीक्षा झाली की त्याच आठवड्यात घरी जा. टाकायचं की नाही हे मात्र आजोबांना विचारून.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. काशाची थाळी घेतात, तिच्या मधोमध मेण लावून त्यात एक काडी उभी करतात, आणि त्या काडीवरून बोटं वरून खाली ओढत राहायची, थाळी घुमायला लागते, एकच सूर, न थांबता, आणि त्या सुरावर माणूस कथा सांगतो, धान्याची देवता कणसरी हिची, सृष्टी कशी झाली त्याची. वाद्य म्हणून बघितलं तर घरातली थाळी आणि एक काडी, बाकी सगळं आजोबांच्या डोक्यात. पुस्तक नाही, वही नाही. आजोबा थकले म्हणजे ती कथाही थकली, म्हणून घाई कर म्हणते.

रेकॉर्ड करताना काही गोष्टी लक्षात ठेव. मोबाईल चालेल, पण एअरप्लेन मोडवर टाक आणि थाळीपासून हातभर लांब ठेव. तुकडे करू नकोस, ते सांगतील तितकं सगळं सलग घे, मध्ये खोकला आला, कुत्रं भुंकलं, चालेल. सोबत कुणीतरी हुंकार देणारं बसव, समोर ऐकणारं माणूस असलं की सांगणाऱ्याला आठवत जातं, नुसत्या मोबाईलकडे बघून कुणाला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ बसून अवघड शब्दांचे अर्थ लिहून घे, कथा कुणाकडून शिकले, कुठल्या गावात, कुठल्या प्रसंगाला सांगतात हेही. आणि तीन ठिकाणी कॉपी ठेव, मोबाईल पाण्यात पडतात.

काही कथा ठरलेल्या वेळीच सांगायच्या असतात. अशी एखादी बाहेर टाकू नको असं आजोबा म्हणाले तर ती घरच्यासाठी ठेव, घरातल्या पुढच्या पोरांना ऐकायला मिळाली तरी पुष्कळ झालं. जी टाकायला हो म्हणतील तिच्यावर त्यांचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव टाक, शीर्षक कोकणा बोलीत लिही आणि खाली मराठीत दोन ओळी.

आणि गॅदरिंगला म्हण. कळणार नाही म्हणाल्या ना मैत्रिणी, तर आधी दोन मिनिटं मराठीत कथा सांग आणि मग थाळी वाजव. अहिराणी गाणं लागलं की अख्खं कॉलेज नाचतं, त्यातला प्रत्येक शब्द थोडाच कळतो सगळ्यांना.

प्रश्न : मी नाशिकरोडला शाळेत शिकवतो. दर २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची कविता, त्यांच्या फोटोला हार, भाषण, संपलं. मला कुसुमाग्रजांबद्दल नितांत आदर आहे, पण मुलांना आपल्या जिल्ह्यातले आणखी लेखक-कलावंत सांगावेत असं वाटतं. कोण घेऊ?
— एक शिक्षक

उत्तर : सर, कुसुमाग्रज ठेवाच, त्यांच्या नावाचा दिवस आहे. पण तुम्ही नाशिकरोडचे, मग तुमच्या शेजारच्या विहितगावपासून का नाही सुरुवात करत? बाबुराव बागूल तिथले, जन्म १९३०. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा, दलित कथेची गोष्ट निघाली की आजही पहिल्यांदा त्यांचंच नाव घेतात. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं विहितगाववरून जात-येत असतील, या गावात एवढा मोठा लेखक जन्मला हे त्यांना कुणी सांगितलंय का?

दुसरे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म १९२२ चा. हा माणूस मोठेपणी अक्षरं शिकला आणि मग त्याने हजारो गाणी लिहिली, गावोगाव उभं राहून गायली, बाबासाहेबांचा विचार ज्यांना वाचता येत नव्हता त्यांच्या घरात या गाण्यांतून पोचला. त्यांच्याही आधी आंबेडकरी जलसे उभे करणारे भीमराव कर्डक आपल्याच जिल्ह्यातले. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला हे मुलांना इतिहासात असतं, पण त्या चळवळीला गाणं कुणी दिलं हे नसतं. एखादा भीमगीतं गाणारा गायक शाळेच्या जवळपासच्याच वस्तीत मिळेल, पेटी-ढोलकी घेऊन त्याला शाळेत बोलवा, एप्रिलची वाट कशाला बघायची, मराठी भाषेच्या दिवशीच बोलवा, ती मराठीच आहे आणि फार सुंदर आहे.

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक घ्या, नाशिकजवळच्या जलालपूरचा जन्म, नाशिकमध्येच १९३६ ला गेल्या, आणि पहिलं मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन १९२७ मध्ये नाशिकलाच भरलं होतं. शरणपूरचं तर विचारूच नका, मला त्या जागेबद्दल बोलायला लागले की थांबता येत नाही. गुलामांच्या जहाजांमधून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनमध्ये वाढली, शिकली, त्यांना बाहेर ‘नासिक बॉइज’ म्हणत. त्यांच्यातला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला आणि १८७४ मध्ये लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला, वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा देणाऱ्यांमध्ये तो होता. शरणपूर रोडवरून आपण रोज सिग्नलला थांबतो आणि यातलं काही म्हणता काही कुठे लिहिलेलं दिसत नाही. मुलांना हे सांगा, डोळे विस्फारून ऐकतील.

आणि मालेगाव सोडू नका. यंत्रमागावर पाळी करून रात्री मुशायऱ्याला बसणारी माणसं आहेत तिथे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच लोकांना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही अगदी किरकोळ पैशांत. फाळकेंच्या जिल्ह्यातली ही दुसरी सिनेमाची गोष्ट आहे आणि ती पहिल्या गोष्टीइतकीच अभिमानाने सांगावी असं माझं ठाम मत आहे.

सगळं एका दिवसात बसणार नाही. एक वर्ष एक नाव, हरकत नाही, पण जे घ्याल त्याचं नीट वाचून दाखवा, नुसतं फळ्यावर नाव नको.

प्रश्न : आमच्या पंचवटीत एक गोंधळी आजोबा आहेत, साठीच्या पुढचे. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नानंतरचा गोंधळ त्यांनीच घातला. आता कामं कमी झालीत, लोक जागरण-गोंधळ एका तासात उरका म्हणतात. त्यांना सरकारी मानधन मिळू शकतं का?
— पंचवटीतला एक वाचक

उत्तर : मिळू शकतं. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे, वय ५० च्या पुढे लागतं आणि २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट आहे, आणि बरीच वर्षं कलेत काम केल्याचे पुरावे मागतात. इथेच सगळं अडतं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या अंगणात संबळ वाजवला त्याच्याकडे कुठलं सर्टिफिकेट असणार? त्याला कुणी पत्रिका छापून बोलावलं नव्हतं, सांगावा धाडून बोलावलं होतं. त्यातून भटक्या जमातींमधल्या कितीतरी कुटुंबांकडे राहण्याचा आणि जातीचा दाखलाही धड नसतो.

म्हणून पहिल्या उत्तरात मी लेटरहेडवरच्या पत्राचं म्हटलं. तुम्ही आता असं करा, ज्या ज्या घरी आजोबांनी गोंधळ घातला त्या घरांमधले लग्नाचे जुने अल्बम आणि व्हिडिओ कॅसेट शोधा. कुठल्या तरी फोटोत ते दिवटीच्या उजेडात कमरेला संबळ बांधून, हातात ती बाकदार काठी घेऊन उभे असतील, मागे तुणतुणंवाला असेल. फोटोच्या पाठीवर तारीख लिहा, यजमानाची सही घ्या. तुमच्या भागातल्या गणपती मंडळांकडून, नवरात्र मंडळांकडून पत्रं घ्या. नगरसेवकाचं पत्र असेल तर चांगलंच. फॉर्म भरायला तुम्ही स्वतः सोबत जा, त्यांना एकट्याला खिडक्या फिरायला लावू नका. अर्ज निवडीला जातो, वेळ लागतो, पहिल्यांदा नाही झालं तर पुढच्या वर्षी परत भरा.

आणि तोपर्यंत तुमच्या घरी पुढचं लग्न असेल तेव्हा त्यांना पूर्ण रात्र द्या.

प्रश्न : कोजागरीला सप्तशृंगी गडावर तृतीयपंथीयांचा मोठा मेळा असतो असं ऐकलं. फोटोग्राफी करतो. जाऊ का?
— कॉलेज रोडचा वाचक

उत्तर : जरूर जा, पण पहिल्या वर्षी कॅमेरा बॅगेत ठेवून जा. देशभरातून तृतीयपंथी त्या रात्री गडावर येतात, छबिना निघतो, नाचगाणं होतं, आणि ते सगळं देवीसाठी आहे. एरवी वर्षभर शहरात लोक त्यांच्याकडे कसं बघतात ते आपल्याला माहीत आहे, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथी म्हणून ओळख मान्य केली तरी भाड्याने खोली मिळताना काय होतं तेही माहीत आहे. त्या एका रात्री तिथे त्यांचा मान असतो. ओळख करून घ्या, गुरूंशी बोला, विचारून फोटो काढा, काढलेले फोटो त्यांना पाठवा. कुणी नाही म्हणालं तर नाही. त्यांच्यातल्या गाणाऱ्यांशी आणि नाचणाऱ्यांशी ओळख झाली तर नाशिकमध्ये प्रदर्शन लावाल तेव्हा त्यांनाच उद्घाटनाला बोलवा, आणि भाषण त्यांना करू द्या.

प्रश्न : आम्ही मूळचे धुळ्याकडचे, पण पंचवीस वर्षं सिडकोत आहोत. दरवर्षी कानबाई बसवतो. आता बिल्डिंगमध्ये वेगवेगळे लोक राहायला आलेत, रात्रीच्या गाण्यांचा त्रास होतो म्हणतात. आणि आमच्याच मुलांना अहिराणी बोलायची लाज वाटते. सासूबाई म्हणतात आता बंद करा. जीव तुटतो हो.
— सिडकोतली एक सून

उत्तर : अजिबात बंद करू नका! सिडको, सातपूर, अंबड हे सगळं खानदेशातून आलेल्या कामगारांनी उभं केलंय, नागपंचमीनंतरच्या रविवारी या भागात घरोघर कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला जाते, आता तो नाशिकचाच सण झाला.

शेजाऱ्यांशी आधी बोला, सण यायच्या पंधरा दिवस आधी. बहुतेकांना हे काय आहे तेच माहीत नसतं. रविवारी संध्याकाळी दार उघडं ठेवून सगळ्या मजल्यांवर निरोप द्या की देवी बघायला या. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, तुमच्या भाऊबंदकीतले नियम असतील ते पाळा, बाहेरच्यांसाठी वेगळा स्वयंपाक करा, पुरणाची पोळी आणि खीर दिली की कुणी तक्रार करत नाही. स्पीकर दहाला बंद, त्यानंतर नुसत्या आवाजात गाणी म्हणा, जात्यावर बसून ती गाणी स्पीकरशिवायच म्हटली जायची. तुमच्या मजल्यावर बिहारची मंडळी असतील, छठपूजेला रामकुंडावर जाणारी, त्यांच्या बायकांनाही बोलवा, त्यांच्याकडेही रात्रभराची गाणी आहेत, पुढच्या वर्षी तुम्ही त्यांच्याकडे जा.

मुलांचं असं, की सासूबाईंना सांगा मुलांशी फक्त अहिराणीतच बोलायचं, उत्तर मराठीत आलं तरी चालेल. आणि सासूबाईंना येणारी कानबाईची गाणी मुलांकडूनच लिहून घ्या, मोबाईलवर टाइप करू देत. यंदा गाणी म्हणताना त्याचे प्रिंटआउट सगळ्यांच्या हातात द्या, वर सासूबाईंचं नाव आणि त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. झाली की एक प्रत आमच्याकडे पाठवा, पुढच्या श्रावणातल्या अंकात छापू.